दोन मिनिटांची हाक

बिश्केक, ९ जून २०१३

तायके,

आधी मेंढरांची खुशाली विचारायची, मग घोड्यांची, मग तायजेने मामींच्या गुडघ्याची, हे आईने मला लहानपणीच शिकवलंय. पण आज धीर निघत नाही. सगळे बरे आहेत असं धरून चालते आणि थेट सांगते: तुमची भाची ट्रेलर कापतेय!

तायजेने आत्ता किटली खाली ठेवून विचारतील, "काय कापलं? बोट तर नाही ना?" नाही हो, बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत. ट्रेलर म्हणजे सिनेमा यायच्या आधी थिएटरात दाखवतात तो तुकडा. लोकांना भूल पाडायची आणि तिकीट घ्यायला लावायचं. एर्मेकचा सिनेमा आहे, 'पलीकडची खिंड'. तीन वर्षं राबलाय पोरगा त्यावर, आणि सगळी जोडणी मी केलीय. बर्फात घोडे शोधायला गेलेला एक मेंढपाळ परत येत नाही. सगळे त्याचं सुतक धरायला निघतात, पण त्याची आई काळं नेसायला तयार होत नाही. शेवटी तो येतो. (हे कुणाला सांगू नका!)

आता खरी गोष्ट. शहरातल्या मोठ्या थिएटरचा मालक म्हणाला, "सिनेमा बघायला मला वेळ नाही, ट्रेलर दाखवा. आवडला तर दोन आठवडे संध्याकाळचे खेळ. नाही आवडला तर मंगळवारी सकाळी एक खेळ, पेन्शनर आणि प्रेमिकांसाठी." मुदत अठरा जुलै. आणि आमचे निर्माते तालाय बाइके म्हणाले, "तुला जमलं नाही तर अल्माटीला कापायला देतो." म्हणजे एर्मेकची तीन वर्षं अडीच मिनिटांवर येऊन लटकलीत, आणि ती अडीच मिनिटं माझ्या हातात! झोप उडालीय, पण मजा इतकी येतेय की काय सांगू.

आठवडाभरात साठ ट्रेलर पाहिले. सगळ्यांची चाल एकच हो! आधी शांत, हिरवे डोंगर, कुणाचं तरी हसणं. मग जाड आवाजात कुणीतरी म्हणतं, "पण एके दिवशी..." की धडाम! अंधार. पुन्हा धडाम! पुन्हा अंधार. सगळे पळताहेत, कुठे ते कुणालाच माहीत नाही. गाणं चढत चढत जातं आणि एकदम गप्प. एक कुजबुज. मग नाव. संपलं म्हणून आपण उठतो तर वर एक छोटासा विनोद चिकटवलेला असतो. आणि शेवटी: लवकरच.

तो जाड आवाज मला हवाय. बिश्केकमध्ये असा माणूस एकच, आणि तो साबणाची जाहिरात करतो. त्याने तोंड उघडलं की लोकांना साबण आठवतो. म्हणून तुम्ही! कोचकोरचे म्हातारे अजून सांगतात, दोरोनबेकच्या सिनेमाच्या ट्रकपुढे हाक यायची आणि लोक चूल पेटती टाकून घोड्यावर बसायचे. एका दिवसासाठी खाली या ना!

आई म्हणते विचारू नकोस. का, ते सांगत नाही. तुमच्या बहिणीचं तुम्हाला माहीतच आहे. कापडाच्या गाळ्यावर बसते आणि इतकं हळू बोलते की गिऱ्हाइकाला कान पुढे करावा लागतो.

तुमची बेर्मेत


सोन-कुल, १६ जून

बेर्मेत पोरी,

तुझं पत्र कोचकोरपर्यंत मायरामबेकच्या मिनीबसने आलं, तिथून दुधाच्या गाडीने, आणि शेवटी एका फ्रेंच पाहुण्याच्या घोड्यावरून. त्याला वाटलं सरकारी काम आहे. घोडीच्या दुधाचं चार घोट किमिझ पाजलं तेव्हा हसला.

मेंढरं बरी आहेत, घोडे बरे आहेत, तुझ्या तायजेनेचा गुडघा कुरकुरतोय आणि तीही कुरकुरतेय. बोट नाही कापलं हे ऐकून तिला बरं वाटलं.

अगं, ट्रेलर आम्हाला नवा नाही! अठ्ठ्याहत्तर साली आमच्याकडे ट्रक होता, जनरेटर होता, यर्टच्या लोकरी भिंतीवर ताणायची चादर होती आणि उन्हाळ्याला वीस-बावीस सिनेमे. आमची हाक ट्रकच्या पुढे कोसभर जायची. हिंदुस्थानी सिनेमा असला तर किती गाणी, किती रडणं, किती हरवलेले भाऊ, हे आधीच जाहीर करायचं. बायका रुमाल घेऊन यायच्या. रशियन लढाईचा असला तर रणगाडे मोजून सांगायचे. आणि गोष्ट सांगायची ती बरोब्बर दारापर्यंत. "ती एकटीच घरात होती. वारा सुटला. दारावर थाप पडली. दार उघडलं, आणि..." घोडा वळवायचा! मागून शिव्या यायच्या: "अगं सांग की, कोण होतं दारात?" त्या शिव्या म्हणजेच आमची तिकिटं.

तुमचे ते धडाम-धडाम मला कळत नाही. माणसाला दचकवलं तर तो मागे सरकतो, पुढे येत नाही.

माझ्या येण्याचं मात्र विसर. लोकर कातरायची आहे. शिवाय घसा बसलाय. थंड दूध प्यायलो बहुतेक. तू कापलंयस ते तबकडीवर घालून पाठव. सूर्याच्या पाटीवर चालणारा टीव्ही आहे आपल्याकडे, दोन तास चालतो आणि मग तुझ्या तायजेनेसारखा रुसतो.

तुझा तायके दोरोनबेक


बिश्केक, २१ जून

तायके,

घ्या तबकडी! जपून, ओरखडा नको.

तालाय बाइकेंना हवा तसा कापलाय. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या भागात माणूस निघतो, दुसऱ्यात हरवतो, तिसऱ्यात सगळे रडतात आणि तो येतो. एकशे बारा तुकडे आहेत, मोजले मी. आमचं संगीत अजून तयार नाही म्हणून उसनं लावलंय, सगळेच लावतात. आणि हिमकडा कोसळतो ना, तो आमच्या सिनेमात नाहीच मुळी. तालाय बाइकेंनी तो कुठून तरी पैदा केला. मी म्हटलं, "बाइके, हे तर आपल्याकडे नाही!" तर म्हणाले, "हिमकडा नाही तर कोण येईल? तिकीट काढल्यावर कोण परत मागायला येतं?" एर्मेक खिडकीबाहेर बघत बसला होता.

मला तो आवडतो की नाही तेच कळेना. दहा वेळा पाहिला की छान वाटतो, अकराव्यांदा बंद करून टाकावासा वाटतो. तुम्ही खरं सांगा. घशाला मध घ्या आणि लवकर बरे व्हा, आवाज तुमचाच हवाय.

बेर्मेत


सोन-कुल, २८ जून

बेर्मेत पोरी,

आता खरं सांगतो, रडू नकोस.

तीन यर्टांची माणसं बोलावली. तायजेनेने कणकेचे बोर्सोक तळले, चहा झाला, टीव्ही लावला. माणूस गेला, कडा कोसळला, आई रडली, माणूस आला. लवकरच. शेजारच्या कालिपाने डोळे पुसले. आपला टोक्टोर म्हातारा आहे ना, त्याने दोन्ही हात वर केले, चेहऱ्यावरून फिरवले, दुवा दिली आणि म्हणाला, "छान होता सिनेमा. छोटा होता, पण छान. आला बिचारा परत." आणि सगळे घोड्या दोहायला उठले!

मी ओरडलो, "अरे थांबा, हा सिनेमा नाही, ही नुसती जाहिरात आहे!" तर टोक्टोर म्हणतो, "मग अजून काय राहिलं दाखवायचं? आम्ही बघितला की." वर विचारतो, "कड्याखाली कोण मेलं?" त्यावर अर्धा तास वाद. मी म्हटलं, कुणीच नाही, तो कडा सिनेमातच नाही. म्हातारा असा भडकला! "कुणी मेलं नाही तर पाडला कशाला? आम्ही इथे सुतक धरायचं का?"

पोरी, त्यांची चूक नाही. तू सगळं दिलंस. वाढलेलं ताट दाखवून वर घासही भरवलास. आता जेवायला कोण बसेल?

आपल्याकडे सुयुंचू कसं मागतात, विसरलीस? कुणाकडे मूल होतं, कुणाचा पोरगा फौजेतून सुटून येतो. पहिला ज्याला कळतं तो घोडा पिटाळत येतो आणि ओरडतो, "सुयुंचू! सुयुंचू!" बातमी सांगतो का? मुळीच नाही. तोंड मिटून उभा राहतो. घरातले "माग, काय हवं ते माग!" म्हणेपर्यंत एक शब्द बाहेर काढत नाही. ऐकणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं, पण हात खिशाकडे गेलेला असतो. बक्षीस कबूल झालं की मग बातमी. याहून भारी ट्रेलर अमेरिकेत कापून दाखवा म्हणावं.

हे मी लिहायला नको होतं. हा कागद आईला दाखवू नकोस. घसा अजून तसाच आहे.

दोरोनबेक


बिश्केक, २ जुलै

तायके! तायके!

पहिला दिवस रडले. तुम्ही सांगितलं होतं तरी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोक्टोर आक्सकालची दुवा आठवली आणि एकटीच हसत सुटले. तिसऱ्या दिवशी सगळे एकशे बारा तुकडे फेकून दिले!

आता ऐका. पडदा काळा. काही नाही. लांबून टापा. जवळ येतात. आणि हाक: "सुयुंचू! सुयुंचू!" मग ती आई, यर्टच्या दारात, हातातलं पातेलं तसंच. तिचा चेहरा. बस! बातमी कुणाची, काय, कुठली, एक अक्षर नाही. मध्ये थोडा बर्फ, थोडे घोडे, तो निघताना मागे वळून हसतो तेवढं. पुन्हा हाक. पुन्हा तिचा चेहरा, तोंड उघडलेलं, उत्तर द्यायला. आणि नाव. धडाम नाही, कडा नाही. एर्मेकने मला उचलून गरकन फिरवलं. तालाय बाइके म्हणाले, "दोन मिनिटं माणसं अंधारात कशाला बसतील?" पण मुदतीपर्यंत गप्प राहायला तयार झालेत.

आता फक्त हाक हवी. चार नट आणले. एकाने सुयुंचू अशी मारली जणू बटाटे विकतोय. दुसऱ्याची ऐकून वाटलं आग लागली. म्हणून तायके, आता घशाचं कारण चालणार नाही. भाची आजोळी आली की डोळ्यात भरेल ते घेऊन जाते आणि मामाने नाही म्हणायचं नसतं, हा नियम मी केलेला नाही. घोडा मागितला असता तर लगाम हातात दिला असतात. मी घोडा मागत नाहीये. आवाज द्या.

एक विचारायचं होतं. काल मी घरी कॉम्प्युटरवर त्या नटांच्या हाका लावून बघत होते. आई बोर्सोकची परात घेऊन आली. ऐकलं, परात जमिनीवर ठेवली आणि चप्पल न घालता बाहेर निघून गेली. विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं. सावलीत होती हो ती! काय झालंय तिला? तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगा.

बेर्मेत


सोन-कुल, ८ जुलै

बेर्मेत,

भाचीने मागितलं, तायकेने दिलं नाही, असं आमच्या घराण्यात झालेलं नाही. आता होतंय, कारण जे तू मागतेस ते माझ्याकडे कधी नव्हतंच. घसा ठणठणीत आहे माझा. खोटं बोललो.

ती हाक तुझ्या आईची होती.

मी ट्रक चालवायचो आणि रीळ लावायचो. सोनुन सतरा वर्षांची, करड्या घोडीवर पुढे. काय आवाज होता, पोरी! सोन-कुल तलावाच्या या काठाला ओरडली की त्या काठाची कुत्री भुंकायची. दारापर्यंत गोष्ट सांगून घोडी वळवणारी तीच. शिव्या खाऊन खदाखदा हसणारी तीच. तुझ्या त्या हळू बोलणाऱ्या आईबद्दलच सांगतोय मी.

त्या उन्हाळ्यात तिने एक नवी युक्ती काढली. यर्ट दिसली की ओरडायची, "सुयुंचू! सुयुंचू!" लोक धावत बाहेर, "माग, माग!" आणि ही म्हणायची, "संध्याकाळी सिनेमा आहे!" लोक हसायचे, डोक्यावर टपली मारायचे, सुक्या दह्याचा गोळा हातावर ठेवायचे. मीही हसायचो. थांबवायला हवं होतं.

ऑगस्टात एकदम बर्फ पडलं. तलावाच्या पश्चिमेला जुमगालकडचे लोक उतरले होते, आमच्या ओळखीचे नव्हते. सोनुन पुढे गेली, ओरडली. आतून एक बाई अनवाणी धावत आली. उरुमकान तिचं नाव. "माग, माग" म्हणायच्याही आधी तिने कानातले चांदीचे झुमके काढले, सोनुनच्या मुठीत कोंबले आणि म्हणाली, "सापडला? माझा एसेनकुल सापडला?" तिचा मुलगा दोन दिवस खिंडीपलीकडे बेपत्ता होता.

सोनुनला म्हणावं लागलं, "सिनेमा आलाय."

मी ट्रक घेऊन पोचलो तेव्हा ती बाई बर्फात बसली होती. सोनुन झुमके पुढे करत होती आणि ती घेत नव्हती. "दिलेलं सुयुंचू परत घेत नाहीत," एवढंच म्हणाली. सिनेमा दाखवला नाही आम्ही. दुसऱ्या सकाळी मी माफी मागायला गेलो तर त्यांचा तळ उठलेला. त्या शरदात सोनुन फ्रुंझेला, म्हणजे तुमच्या आताच्या बिश्केकला, शिवणाच्या कारखान्यात गेली. तेव्हापासून तिने आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. मला शपथ घातली की हाक तिची होती हे कुणाला सांगायचं नाही. मग लोक म्हणायला लागले दोरोनबेकची हाक, आणि मी मान डोलावत राहिलो. पुढे पुढे मला ते आवडायला लागलं, हेही लिहून टाकतो.

शपथ मोडली. हा कागद तिला दाखव. तुझ्यापेक्षा मला जास्त भीती वाटतेय.

तायके


बिश्केक, २२ जुलै

तायके,

श्वास घेऊन सांगते, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

आईने पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. मग म्हणाली, "त्या सिनेमात तो खरंच परत येतो?" मी म्हटलं, येतो. "कडा काढलास?" काढला. "सिनेमात नाही असं एकही चित्र त्यात नको. असेल तर मी ओरडणार नाही." एक उसनं गिधाड राहिलं होतं, तेही काढलं, तिच्यासमोर.

स्टुडिओत नेलं तर भिंती बघून म्हणते, "भिंतीकडे तोंड करून कुणी सुयुंचू मागतं का?" मग मायरामबेकला पकडलं, शहराबाहेरच्या टेकडीवर गेलो. तो मिनीबसमध्ये सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला. आईने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, माझ्याकडे पाठ केली. रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मला वाटलं, नाहीच जमणार.

आणि तायके, ती ओरडली!

आवाज टिपायच्या मशीनची सुई टोकाला जाऊन आपटली. आणि मायरामबेक, बिया उडवत, धापा टाकत वर पळत आला: "माग, काय हवं ते माग! काय झालं? काय झालं?" हात खिशात! त्याला मी टेकडीवर कशाला नेलंय ते पूर्ण माहीत होतं हो! आई त्याच्याकडे बघून हसली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा घ्यायची गरजच पडली नाही.

मालकाने गुरुवारी पाहिला. म्हणाला, शनिवारी भरलेल्या खेळाआधी लावतो, लोकच सांगतील. शनिवारी आम्ही मागच्या रांगेत, एर्मेक नखं खातोय, आई मधे. पडदा काळा. टापा. एक पोरगा शिट्टी मारतो. आणि हाक. चौथ्या रांगेतली एक आजी अंधारात मोठ्याने म्हणाली, "माग, काय हवं ते माग!" सगळे हसले. पण दुसरी हाक आली तेव्हा कुणी हसलं नाही, अख्खं थिएटर ओरडलं: "माग! माग!" मग नाव, मग 'लवकरच', आणि दिवे. लोक चक्क चिडले! "अहो, पण बातमी काय?" मालक कपाळ पुसत आला आणि म्हणाला, दोन आठवडे, संध्याकाळ. पंधरा ऑगस्टपासून. तालाय बाइके आता सगळ्यांना सांगताहेत की कल्पना त्यांचीच. आता ट्रेलर कोचकोरला, नारीनला, जुमगालला चाएकच्या हॉलमध्येही जाणार.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, गाद्यांच्या चळतीखाली जी लाकडी डबी आहे, त्यात ते झुमके आहेत ना? आता तरी घाल. ती म्हणाली, "ते माझे नाहीत. खोट्या बातमीचे आहेत." आणि पुन्हा हळू बोलायला लागली.

जिंकलो, तायके. पण हे एक राहिलं.

बेर्मेत


सोन-कुल, २४ ऑगस्ट

सुयुंचू! सोनुन, सुयुंचू!

बेर्मेत, हे आईसमोर बसून मोठ्याने वाच, आणि तिने "माग, काय हवं ते माग" म्हटल्याशिवाय खालची ओळ वाचायची नाही. डोळाही जाऊ द्यायचा नाही. हात ठेव वर.

म्हणाली? मोठ्याने?

तर माझं मागणं असं: आम्ही थंडीसाठी खाली उतरायच्या आत वर ये. पस्तीस वर्षांत एकदाही आली नाहीस. आता बातमी.

काल दुपारी तांबड्या घोड्यावरून एक माणूस आला. पन्नाशी उलटलेला, खोगिरावर आडवी मेंढी बांधलेली. मला वाटलं, मेंढी विकायला आला. "सिनेमावाले दोरोनबेक तुम्हीच का?" म्हणाला. हो म्हटलं. "ती हाक मारणारी मुलगी कुठे आहे?" मी पुन्हा तेच जुनं खोटं बोलणार होतो. तेवढ्यात म्हणाला, "मी एसेनकुल. उरुमकानचा मुलगा."

सोनुन, तो जिवंत आहे! तुझ्या हाकेनंतर चौथ्या दिवशी घरी आला. खिंडीत घोड्याचा पाय मोडला, नारीनकडच्या मेंढपाळाने त्याला यर्टमध्ये ठेवून घेतलं, बर्फ वितळल्यावर पाठवलं. त्यांचा तळ सकाळी उठला तो त्यालाच शोधायला खिंडीकडे गेला होता, आपल्याला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून नाही. चार पोरं आहेत त्याला, सात नातवंडं. मी त्याचा हात धरून बघितला, गरम होता.

त्याची आई चौऱ्याऐंशीची. नातीने तिला चाएकच्या हॉलमध्ये कुठल्याशा विनोदी सिनेमाला नेलं. सुरुवातीला अंधार, टापा, आणि तुझी हाक. म्हातारी काठी टाकून उभी राहिली. "हीच ती!" म्हणाली. विनोदी सिनेमा बघितलाच नाही तिने, लेकाला सरळ तेव्हाच्या ट्रकवाल्याकडे पाठवलं.

तिने झुमके परत का घेतले नाहीत ते आता ऐक. एसेनकुलने तिच्या शब्दांत सांगितलं: "सुयुंचू देऊन झालं होतं. परत घेतलं असतं तर पोरगा येणार नाही असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं. ते चार दिवस मी त्या हाकेवर काढले. ती पोर खोटं बोलली नव्हती. बातमी खरीच होती, चार दिवस आधी आली एवढंच."

तुला सांगायला त्यांनी किती शोधलं! दोन उन्हाळे कोचकोरला माणूस पाठवला, ती हाक कुणाची म्हणून. सगळ्यांनी सांगितलं, दोरोनबेकची. पुरुषाची हाक. म्हणून ते परत गेले. सोनुन, तू लपवायला सांगितलंस, पण मिरवत राहिलो मी. मी एकदा तोंड उघडलं असतं तर तुझी पस्तीस वर्षं वाचली असती. यावर मला काय म्हणायचं ते इथे येऊन म्हण, मोठ्याने.

उरुमकान आता खाली जायला तयार नाही. तलावाच्या पश्चिमेला, तिथेच, लेकाच्या यर्टमध्ये येऊन बसलीय. रोज विचारते म्हणे, कुणी आलं का.

मायरामबेक सांगतो, तुमच्या सिनेमाची तिकिटं मिळत नाहीत. टोक्टोर म्हातारा म्हणतो, त्याने आधीच बघितलाय.

तुझा भाऊ


बिश्केक, २८ ऑगस्ट

दोरोनबेक बाइके,

माग म्हणाले होते, मोठ्यानेच. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

निम्म्यात बेर्मेतला पुढे वाचवेना. मग मी वाचलं. तुमच्यावर रागावायचं ठरवलं होतं, पण आज जमत नाही. वर आल्यावर रागावेन, तयार राहा.

शनिवारी मायरामबेकच्या गाडीने निघतेय. करडी घोडी नसेल आता, पण एक शांत घोडा ठेवा, पस्तीस वर्षांत बसले नाही. तलावाच्या पश्चिमेला मी एकटीच पुढे जाईन. तुम्ही आणि बेर्मेत मागून या, पूर्वी ट्रक यायचा तितक्या अंतराने. तिला कॅमेरा घरीच ठेवायला सांगितलंय.

झुमके घातलेत. भोकं बुजली होती. बेर्मेतने सुई तापवून पुन्हा टोचली, ती रडली आणि मी नाही. दुखताहेत अजून. बाजारात आज दोघींनी विचारलं, नवीन का? मी म्हटलं, बक्षीस मिळालेत.

मी येतेय हे उरुमकानआपांना कळवू नका. एसेनकुललाही नको. यर्ट दिसली की मी हाक मारेन, त्या ऐकून बाहेर येतील.

सोनुन